गोदामाची रंगीत तालीम : नवी व्यवस्था लावण्यापूर्वीचे गणित

स्नेहसंमेलनात नाटक बसवायचे ठरले की महिना-दीड महिना तालमी चालतात. प्रयोगाच्या आदल्या रात्री वेषभूषा, प्रकाशयोजना व पार्श्वसंगीत यांसह रंगीत तालीम होते. तीत कोणी वाक्य विसरला, पडदा अडकला, तरी बिघडत नाही. प्रेक्षागृह रिकामे असते. तीन तासांच्या नाटकासाठी आपण एवढी खबरदारी घेतो. उलट ज्या गोदामावर शेकडो दुकानांचा, रुग्णालयांचा आणि कारखान्यांचा पुरवठा अवलंबून असतो, त्याची कामाची सारी पद्धत मात्र पुष्कळदा एका रात्रीत, कोणतीही तालीम न करता बदलली जाते. गोदामाची अशी तालीम गणिताच्या आणि संगणकाच्या साहाय्याने कशी करता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या पद्धतीला इंग्रजीत सिम्युलेशन म्हणतात. आपण तिला सदृशीकरण म्हणू. प्रत्यक्ष वस्तूशी सदृश अशी एक कागदी किंवा संगणकी वस्तू उभी करून तिच्यावर प्रयोग करावयाचे, एवढाच त्याचा अर्थ.

गोदामात काम काय असते?

गोदाम म्हणजे माल साठवण्याची चार भिंतींची जागा, ही समजूत अपुरी आहे. मोठ्या गोदामात माल पडून राहण्यापेक्षा फिरतच अधिक असतो. मालमोटार येते, माल उतरवून चलनाशी ताडून पाहिला जातो, तो ठरलेल्या खणात लावला जातो, मागणी आली की त्या त्या खणातून नग काढले जातात, तपासणी, बांधणी होते आणि माल रवाना होतो. पूर्वी हे सारे स्टोअरकीपरच्या स्मरणशक्तीवर आणि खतावणीवर चाले. कोणते खोके कोठे आहे, हे वीस वर्षे तेथे काढलेल्या माणसाला डोळे मिटून सांगता येई. पण तो रजेवर गेला की काम अडे.

गोदाम-व्यवस्थापन प्रणाली म्हणजे ही स्मरणशक्ती संगणकात उतरवणे. प्रत्येक खणाला आणि खोक्याला बारकोड असतो. कामगाराच्या हातातील स्कॅनर त्याला सांगतो, की अमुक रांगेतील अमुक खणातून चार नग काढ. ज्या मालाची मुदत आधी संपते तो आधी बाहेर काढणे, कमी चालावे लागेल असा क्रम लावणे, शिल्लक तत्काळ नोंदणे, ही कामे प्रणाली करते. तिचे लाभ उघड आहेत. अडचण लाभांविषयी नाही. जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर जाण्याच्या त्या काही दिवसांविषयी आहे. नदीचे दोन्ही तीर भक्कम असले तरी माणूस बुडतो तो मधल्या पाण्यात.

सरासरीचा भुलावा

नवी व्यवस्था लावताना बहुतेक ठिकाणी हिशेब होतो तो सरासरीचा. समजा, एका गोदामात तपासणीचे एकच टेबल आहे. दर दहा मिनिटांनी सरासरी एक मागणी टेबलाशी येते आणि तिच्या तपासणीला सरासरी नऊ मिनिटे लागतात. कागदावर पाहता दर मागणीमागे एक मिनिट शिल्लक राहते. मग रांग लागण्याचे कारणच काय?

हे पडताळून पाहण्यास संगणक लागत नाही, एक फासा पुरतो. दोन मागण्यांमधील अंतर ठरवण्यासाठी फासा टाकावा आणि दानाची दुप्पट करून त्यात ३ मिळवावेत. म्हणजे अंतर ५, ७, ९, ११, १३ किंवा १५ मिनिटे येईल. त्याची सरासरी बरोबर १०. तपासणीच्या वेळेसाठी पुन्हा फासा टाकून दानाच्या दुपटीत २ मिळवावेत. वेळ ४ ते १४ मिनिटांच्या दरम्यान येईल, सरासरी ९. समजा, दहा मागण्यांसाठी पुढीलप्रमाणे दाने पडली. (सर्व आकडे मिनिटांचे, पहिली मागणी शून्याव्या मिनिटाला आली असे धरले आहे.)

| मागणी | आगमन | तपासणीचा वेळ | आरंभ | समाप्ती | खोळंबा |
|---|---|---|---|---|---|
| १ | ० | १० | ० | १० | ० |
| २ | ९ | १४ | १० | २४ | १ |
| ३ | १४ | १२ | २४ | ३६ | १० |
| ४ | २१ | ८ | ३६ | ४४ | १५ |
| ५ | ३६ | ६ | ४४ | ५० | ८ |
| ६ | ४१ | १४ | ५० | ६४ | ९ |
| ७ | ५२ | ४ | ६४ | ६८ | १२ |
| ८ | ६५ | १० | ६८ | ७८ | ३ |
| ९ | ८० | ६ | ८० | ८६ | ० |
| १० | ९१ | ६ | ९१ | ९७ | ० |

या तक्त्यात तपासणीच्या वेळांची बेरीज ९० आहे, म्हणजे सरासरी नेमकी ९ मिनिटे. दोन मागण्यांमधील सरासरी अंतरही दहा मिनिटांहून किंचित जास्तच आहे. तरीदेखील दहापैकी सात मागण्यांना थांबावे लागले. चौथ्या मागणीचा खोळंबा पंधरा मिनिटांचा झाला आणि एकूण खोळंबा ५८ मिनिटांचा. शिवाय त्याच अवधीत टेबल सात मिनिटे रिकामेही राहिले. रांगही लागली आणि टेबलही रिकामे राहिले! कारण उघड आहे : रिकामा गेलेला वेळ साठवून ठेवता येत नाही. सकाळी मोकळी गेलेली सात मिनिटे दुपारच्या गर्दीत वापरता येत नाहीत. सरासरी काढताना आपण नकळत त्या मिनिटांची बचत-बँक उघडतो, आणि तेथेच फसतो.

वरील तक्ता हेच एक सदृशीकरण आहे. संगणक यापेक्षा निराळे काही करीत नाही. तो फाशाऐवजी यादृच्छिक संख्या वापरतो आणि दहाऐवजी दहा लाख मागण्या क्षणात तपासतो.

गर्दीचे गणित

रांगांच्या गणिताचा पाया डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी घातला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करीत असताना, किती तारा ठेवल्या म्हणजे ग्राहकांना फार खोळंबावे लागणार नाही, या प्रश्नावर त्यांनी १९०९ मध्ये आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या परंपरेतील एक साधे सूत्र पाहण्याजोगे आहे. आगमन पूर्णपणे अनियमित असेल आणि कामाच्या वेळेतही तसाच मोठा चढउतार असेल, तर रांगेतील सरासरी खोळंबा = कामाचा सरासरी वेळ × भार ÷ (१ − भार). येथे भार म्हणजे टेबल ज्या प्रमाणात कामात गुंतलेले असते ते प्रमाण. कामाला सरासरी ९ मिनिटे लागतात असे धरून उत्तरे अशी येतात :

भार ५० टक्के : खोळंबा ९ मिनिटे
भार ८० टक्के : खोळंबा ३६ मिनिटे
भार ९० टक्के : खोळंबा ८१ मिनिटे
भार ९५ टक्के : खोळंबा १७१ मिनिटे

भार नव्वदवरून पंच्याण्णव टक्के झाला, म्हणजे थोडासाच वाढला. खोळंबा मात्र दुपटीहून अधिक झाला. शंभर टक्क्यांशी पोहोचण्यापूर्वीच व्यवस्था कोलमडते, ती अशी. आपल्या फाशाच्या खेळातही भार नव्वद टक्केच होता. पण तेथे वेळा ठराविक मर्यादेतच बदलत होत्या आणि प्रारंभी रांग नव्हती, म्हणून खोळंबा कमी दिसला. चढउतार जितका अधिक, तितकी रांग अधिक, हा या गणिताचा दुसरा धडा.

अमेरिकन गणिती जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम येथे फार उपयोगी पडतो. रांगेतील सरासरी संख्या म्हणजे आगमनाचा वेग गुणिले सरासरी खोळंबा. तासाला सहा मागण्या येत असतील आणि खोळंबा ८१ मिनिटांचा, म्हणजे १.३५ तासांचा असेल, तर टेबलापुढे सरासरी आठ मागण्या पडून राहणार. त्या आठ मागण्यांच्या मालाला जमिनीवर जागा हवी. ती नकाशात ठेवली नसेल तर माल वाटेत ठेवला जातो, ढकलगाड्या अडतात आणि मागचे कामही मंदावते. रांग अशी रांगेला जन्म देते.

मग सूत्रे असताना सदृशीकरणाची गरज काय? एक टेबल, एक रांग असेल तर सूत्र पुरते. प्रत्यक्ष गोदामात मात्र दहा टप्पे एकमेकांत गुंतलेले असतात. जेवणाची सुट्टी असते. सायंकाळी सहाची मालमोटार कोणासाठी थांबत नाही. असे गुंतागुंतीचे प्रश्न सूत्राने सुटत नाहीत. १९४६ मध्ये स्टानिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसत. डाव सुटण्याची संभाव्यता सूत्राने काढण्याच्या खटपटीपेक्षा शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजणे सोपे, हे त्यांच्या ध्यानात आले. जॉन फॉन नॉयमन यांच्या साहाय्याने तीच कल्पना माँटे कार्लो पद्धत म्हणून विकसित झाली. पुढे इंग्लंडातील एका पोलाद उद्योगात काम करणारे के. डी. टोकर यांनी कारखान्यांच्या सदृशीकरणाची पद्धत बसवली आणि १९६३ मध्ये त्या विषयावर ग्रंथ लिहिला. आयबीएममधील जेफ्री गॉर्डन यांनी १९६१ मध्ये खास याच कामासाठी एक संगणकभाषा तयार केली. नॉर्वेतील दाल आणि न्यूगोर्ड यांची सिम्युला ही भाषाही याच गरजेतून निर्माण झाली.

नवे तंत्र येते तेव्हा

आता आपल्या गोदामात नवी प्रणाली येते असे धरू. ती पुढे वेळ वाचवणार, यात शंका नाही. परंतु पहिले काही दिवस स्कॅनर हाताळणे अंगवळणी पडत नाही, पडद्यावरील सूचना दोनदा वाचाव्या लागतात. समजा, तपासणीचा वेळ ९ वरून ११ मिनिटांवर गेला. दोन मिनिटांनी काय होते, असे कोणीही म्हणेल.

हिशेब करून पाहू. आठ तासांच्या दिवसात, म्हणजे ४८० मिनिटांत, ४८ मागण्या येतात. ११ मिनिटांप्रमाणे त्यांना ५२८ मिनिटे हवीत. रोज ४८ मिनिटांचे काम मागे पडते. दहा दिवसांनी ४८० मिनिटांचे, म्हणजे अख्ख्या एका दिवसाचे काम तुंबते. सुमारे ४४ मागण्या. अकराव्या दिवशी सर्वांचा हात बसला आणि वेळ पुन्हा ९ मिनिटांवर आला असे मानले, तरी रोजच्या ४८ मागण्यांना ४३२ मिनिटे लागून ४८ मिनिटांचीच सवड राहते. तुंबलेल्या ४४ मागण्यांना ३९६ मिनिटे हवीत. म्हणजे ती थकबाकी फिटायला आणखी आठ दिवसांहून अधिक काळ जातो. दहा दिवसांच्या अडखळण्याची किंमत अशी जवळजवळ तीन आठवडे मोजावी लागते. आणि हाही सरासरीचाच हिशेब. चढउतार त्यात धरलेलाच नाही. हे तीन आठवडे दिवाळीच्या तोंडावर आले, तर काय होईल ते व्यापाऱ्याच्या मुलाला सांगावयास नको.

एका औषध कंपनीची कहाणी

अमेरिकेतील फॉक्समेयर ही औषधांचे घाऊक वितरण करणारी मोठी कंपनी होती. तिची वार्षिक उलाढाल सुमारे पाच अब्ज डॉलर होती. औषधांच्या दुकानांकडून आणि रुग्णालयांकडून रोज मागण्या घ्यावयाच्या आणि लागलीच माल पोहोचवायचा, असे तिचे काम. १९९३ मध्ये कंपनीने एक मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यात दोन गोष्टी एकदम व्हावयाच्या होत्या : सर्व कारभारासाठी नवी संगणक-प्रणाली, आणि ओहायो राज्यातील वॉशिंग्टन कोर्ट हाउस या गावी यंत्रचलित नवे गोदाम. दोन्ही कामे दोन निराळ्या पुरवठादारांची. ती एकमेकांशी जुळवून घेणे हेच एक तिसरे काम होते.

अशातच कंपनीला रुग्णालयांच्या एका मोठ्या संघटनेचा पुरवठ्याचा करार मिळाला. मागण्या वाढणार होत्या आणि करारातील तारीख पाळावयाची होती. म्हणून नवी व्यवस्था चालू करण्याचा दिवस पुढे ढकलण्याऐवजी अलीकडे ओढला गेला. भार वाढत होता आणि तालमीचा वेळ घटत होता. वर दिलेले सूत्र आठवल्यास याचा अर्थ ध्यानी येईल.

जुनी संगणक-प्रणाली एका रात्रीत ४,२०,००० मागण्या हाताळीत होती. नवी प्रणाली सुमारे १०,००० पर्यंतच जात होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. हे आकडे धरले तर जुन्या यंत्राच्या एका रात्रीच्या कामाला नव्याला बेचाळीस रात्री लागाव्यात. इकडे जी जुनी गोदामे बंद व्हावयाची होती तेथील कामगारांना आपली नोकरी जाणार हे कळले होते; अनेकजण काम सोडून गेले, आणि स्थलांतराच्या काळात मालाची हानी झाली. ऑगस्ट १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मॅकेसन या प्रतिस्पर्धी कंपनीने तिचा व्यवसाय विकत घेतला. पुढे दिवाळखोरीच्या विश्वस्तांनी प्रणालीचे उत्पादक व सल्लागार यांच्यावर दावे लावले. त्यांनी आरोप नाकारले.

कंपनी केवळ संगणकामुळे बुडाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या धंद्यात नफ्याचे प्रमाण अल्प होते आणि चुरस तीव्र होती. तरीपण एवढे निश्चित म्हणता येते, की एका रात्रीत किती मागण्या येणार आणि किती पार पडणार, हा प्रश्न कागदावर विचारता येण्यासारखा होता. त्याचे उत्तर कागदावर स्वस्तात मिळाले असते.

तालमीची पद्धत

सदृशीकरणाने अशी योजना आखताना पुढील पायऱ्या क्रमाने घ्याव्या लागतात.

पहिली पायरी निरीक्षणाची. गोदामातील एक-दोन महिन्यांच्या मागण्या, त्यांच्या आगमनाच्या वेळा, प्रत्येक मागणीतील नग आणि प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ यांची नोंद करावयाची. सरासरी काढून थांबावयाचे नाही. सर्व नोंदी जशाच्या तशा ठेवावयाच्या, कारण चढउतारातच खरी माहिती असते. सर्वाधिक गर्दीचा दिवस त्यात हवाच.

दुसरी पायरी प्रतिरूपाची. संगणकात टप्पे, माणसे, ढकलगाड्या, टेबले आणि त्यांचे नियम लिहावयाचे.

तिसरी पायरी कसोटीची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. जुन्या पद्धतीचे प्रतिरूप चालवून गेल्या महिन्यातील खऱ्या मागण्या त्यात सोडाव्यात. प्रत्यक्षात जेवढी रांग लागली होती, जेवढा माल उशिरा सुटला होता, तेवढाच प्रतिरूपात दिसतो का? ज्या प्रतिरूपाला काल सांगता येत नाही, त्याच्या उद्याच्या भाकितावर विश्वास ठेवू नये.

चौथी पायरी विघ्नांची. आता नवी पद्धत प्रतिरूपात घालावी, पण ती गोड चित्रासारखी नव्हे. पहिल्या आठवड्यात कामाचा वेळ चतुर्थांशाने जास्त. शंभरातील काही खणांत नोंदीप्रमाणे माल नाही. दुपारी अर्धा तास संगणक बंद. दोन कामगार गैरहजर. मालमोटार दोन तास उशिरा. ही विघ्ने कोणत्याही गोदामात येतात. पहिल्या आठवड्यात ती एकत्र येतात.

पाचवी पायरी पुनरावृत्तीची. एकदा चालवलेले सदृशीकरण म्हणजे एकदा टाकलेला फासा. निराळ्या यादृच्छिक संख्या घेऊन तोच आठवडा शंभरदा चालवावा. त्यातील किती आठवड्यांत सहाच्या मोटारीत सारा माल चढला आणि किती आठवड्यांत राहिला, ते मोजावे. समजा, एका योजनेत शंभरपैकी तीस आठवडे फसले आणि दुसरीत चार. मग दोन जादा माणसे ठेवण्याचा पगार जड वाटतो की तीस टक्के धोका, याचा निर्णय चालकांनी डोळे उघडे ठेवून घ्यावा.

याशिवाय तालमीचा आणखी एक प्रकार आहे. वरील पद्धतीत गोदाम कागदी आणि प्रणालीही कागदी असते. दुसऱ्या प्रकारात गोदाम कागदी, पण प्रणाली खरी असते. विकत घेतलेल्या खऱ्या प्रणालीला संगणकातील खोटे गोदाम जोडतात. तीत खऱ्या संख्येने मागण्या ओततात. खोटे कामगार खोटे स्कॅन पाठवतात. बिचाऱ्या प्रणालीला फरक कळत नाही, आणि ती किती भार सोसते ते उघड होते. एका रात्रीत १०,००० की ४,२०,०००, हा प्रश्न सुटतो तो या दुसऱ्या तालमीत. माणसांचा ओघ पहिली तालीम दाखवते, यंत्राचा दम दुसरी, दोन्ही हव्यात.

एकदम की टप्प्याटप्प्याने?

योजना आखताना नेहमी पडणारा प्रश्न हा, की एका दिवसात सर्वत्र बदल करावा की एकेका विभागात. एकदम बदल केल्यास दोन पद्धती शेजारी-शेजारी चालवण्याचा खर्च वाचतो. पण चूक झाली तर ती सर्वत्र होते. टप्प्याटप्प्याने केल्यास काम रेंगाळते. परंतु पहिल्या टप्प्यातील धडा दुसऱ्याला मिळतो आणि मागे फिरण्यास वाट राहते.

ब्रिटनमधील केएफसी या उपाहारगृहांच्या साखळीचे उदाहरण येथे बोलके आहे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी तिच्या पुरवठ्याचे काम जुन्या वितरकाकडून डीएचएलकडे गेले. जुना वितरक अनेक गोदामांतून माल पाठवी. नव्या व्यवस्थेत रग्बी येथील एकाच गोदामावर सारा भार होता. काही दिवसांतच सुमारे नऊशे उपाहारगृहांपैकी निम्म्याहून अधिक बंद ठेवावी लागली. कोंबडीच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध असलेल्या दुकानांत कोंबडीच पोहोचेना. मार्चमध्ये उत्तर इंग्लंडातील शेकडो उपाहारगृहांचे काम पुन्हा जुन्या वितरकाकडे द्यावे लागले. सारा गाव एकाच विहिरीवर पाणी भरू लागला आणि तिचाच रहाट अडला, तर अन्यत्र घागर बुडवण्यास जागा राहत नाही. अशा वेळी चाळीस-पन्नास दुकाने आधी, बाकीची नंतर, असा क्रम लावल्यास काय होते आणि सारी एकदम घेतल्यास काय होते, हे दोन्ही सदृशीकरणात शेजारी ठेवून पाहता येते. कोणत्या क्षणी जुन्या पद्धतीकडे परतावयाचे, तो आकडाही आधीच ठरवता येतो. उदाहरणार्थ, थकबाकी दीडशे मागण्यांवर गेली की परत फिरावयाचे. ऐन गोंधळात असा निर्णय शांतपणे होत नाही.

मर्यादा

सदृशीकरण म्हणजे भविष्य सांगणारी पोथी नव्हे. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. नोंदी चुकीच्या असतील तर उत्तरही चुकीचेच येणार, आणि संगणकाच्या सुबक तक्त्यामुळे ते अधिक खरे वाटणार, हा वेगळाच धोका. म्हणून नवी प्रणाली लावण्यापूर्वी मालाची प्रत्यक्ष मोजदाद अपरिहार्य आहे.

दुसरी मर्यादा माणसांची. प्रतिरूपातील कामगार थकत नाही, रागावत नाही, उद्या नोकरी जाईल म्हणून धास्तावत नाही. फॉक्समेयरच्या जुन्या गोदामांतील कामगारांनी काम सोडले, हे कोणत्याही यादृच्छिक संख्येतून आपोआप निघाले नसते. कोणीतरी आधी तसा प्रश्न विचारावयास हवा होता. हमालाला आणि स्टोअरकीपरला विचारल्याविना केलेले प्रतिरूप अपुरे राहते. तिसऱ्या खणाच्या शिडीला एक पायरी नाही आणि पावसाळ्यात मागचे दार फुगून अडते, हे त्यांनाच ठाऊक असते.

या मर्यादांसह या पद्धतीचा एक गुण मात्र सर्वांत मोठा वाटतो. नवी व्यवस्था चालू करण्याची तारीख बहुधा करारातून, वरिष्ठांच्या शब्दातून किंवा आर्थिक वर्षाच्या हिशेबातून ठरते. गोदामात प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या कनिष्ठ माणसाला मनातून ठाऊक असते, की त्या तारखेला जमणार नाही. पण 'मला वाटते' एवढ्यावर मोठ्या टेबलापुढे कोणी ऐकून घेत नाही. 'शंभर आठवड्यांपैकी तीस आठवड्यांत सहाची मोटार चुकते. तारीख तीन आठवडे पुढे नेली आणि दोन माणसे वाढवली तर चारच आठवड्यांत चुकते', असे सांगितले की तेच म्हणणे ऐकावे लागते. खालच्या माणसाच्या अनुभवाला आकड्यांची वाचा देणे, हे सदृशीकरणाचे खरे काम होय.

करून पाहण्याजोगे

विद्यार्थिमित्रांनी हा विषय वाचून सोडून देऊ नये. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तक-देवघेवीची खिडकी हेही एक छोटे गोदामच आहे. परीक्षेपूर्वीच्या आठवड्यात चार-पाच जणांनी, शक्य तर कन्नड विभागातील मित्रांनाही बरोबर घेऊन, तीन दिवस तेथे घड्याळ घेऊन बसावे. प्रत्येकजण कधी आला, काम कधी सुरू झाले, कधी संपले, एवढेच टिपावे. मग फासा किंवा संगणक घेऊन ती रांग वहीत पुन्हा उभी करावी. वहीतील रांग खऱ्या रांगेशी जुळली की पुढचे प्रश्न विचारावेत : दुसरी खिडकी फक्त अकरा ते एक उघडली तर? परत करण्याची आणि घेण्याची रांग वेगळी केली तर? ग्रंथपालांनी उद्यापासून बारकोड आणायचे ठरवले, तर ते परीक्षेपूर्वी आणावेत की नंतर?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मनाने लागलीच देता येईल. ते वहीतून आकड्यांसह काढून ग्रंथपालांपुढे ठेवावे, म्हणजे या अभ्यासाचा उपयोग ध्यानी येईल.